कोन, चिंध्या, जुनं कॅलेंडर : सोलापूरकरांनो, पोरांना घरातलं काय खेळायला देता?

बालवाडीतून चिठ्ठी आली, 'टाकाऊतून टिकाऊ' करून पाठवा. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही नवरा-बायकोने बाटलीचं पेंग्विन केलं. लेकीने त्याला हातसुद्धा लावला नाही. खरं तर आम्हीच लावू दिला नाही, रंग ओला होता.

तर तसलं नको. तीन ते सहा वयाच्या पोराने स्वतः हात घालून, पुन्हा पुन्हा मागून खेळलेलं सांगा. खर्च शून्य. फसलेलं असेल तर ते आधी सांगा.

साखर पेठ, आजोबा

घरामागे आमचे चार माग. सूत संपलं की पुठ्ठ्याचा कोन उरतो, तो रद्दीत जायचा. आता नातू जाऊ देत नाही. आधी नुसते एकात एक घालायचा. मग एक दिवस एक सुलटा, त्यावर एक उलटा असं करायला लागला. निमुळत्या टोकावर टोक काही टिकेना. शेवटी मध्ये जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवला तेव्हा उभं राहिलं. आम्ही कोणी बोललो नव्हतो.

सुताच्या नंबराप्रमाणे कोनाचा रंग वेगळा असतो, म्हणून तो रंगाने ढीग लावतो. मागच्या महिन्यात हिरव्यात मिसळलेला निळा कोन त्यानेच काढून दिला, माझ्या चष्म्याला तो दिसला नव्हता.

घरात आम्ही तेलुगू. ओकटी, रेंडू, मूडू असं मोजतो, अंगणवाडीत एक, दोन, तीन. रचताना एका भाषेत अडला की दुसरीत उडी मारतो. मोजणी मात्र चुकत नाही.

एक सांगतो. माग चालू असताना पोराला कारखान्यात घेत नाही. धोटा, म्हणजे मागावर सूत घेऊन आडवा धावतो तो टोकदार तुकडा, उडाला तर डोळा जातो. कोन घरात आणायचे, पोर तिकडे न्यायचं नाही.

कुंभारीकडून, एक सून

सासूबाई विड्या वळतात. सूप, पानं, कात्री यातलं काही मुलीच्या हाती नाही, तंबाखूची धूळ सगळ्याला असते. मी खराट्याच्या काड्या धुऊन, टोकं कापून दिल्या. दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावायचं, असा माझा बेत. सासूबाई म्हणाल्या, दहाचा कुठं विड्यांचा कट्टा असतो व्हय? पंचवीसचा कर. झालं. आता पोरगी २५, ५०, ७५, १०० खडाखडा म्हणते आणि सातानंतर एकदम नऊ. आठ कुठे जातो कुणास ठाऊक.

जुळे सोलापूर, आई

फसलेलं माझ्याकडून घ्या. हरभरे, मूग, शेंगदाणे एकत्र करून वेगळे करायला दिले. मुलगा तीनचा. मी फोडणी टाकायला उठले तेवढ्यात एक हरभरा नाकात. घाबरून चिमटा घेतला होता, शेजारच्या काकूंनी हात धरला म्हणून बरं, त्याने दाणा आणखी आत जातो. डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढला आणि मला पंधरा मिनिटं झापलं. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर याहून वाईट, आणि आपल्याकडे शेंगा नाहीत असं घर दाखवा.

त्यानंतर शोधाशोध केली. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. वस्तू तीत पूर्ण मावली तर ती नापास. पाण्याच्या बाटलीचं झाकण घरी मोजून बघा, साधारण तीन सेंटिमीटर. म्हणजे सगळे बिनधास्त देतात ती झाकणंसुद्धा धाकट्यासाठी नाहीत.

बाळे भागातून

वरच्या ताईंना : आंब्याच्या कोयी! धुऊन गच्चीवर कडक वाळवल्या. मोठ्या, तोंडात मावत नाहीत. त्यांचं दुकान, त्यांची मालगाडी. मुंग्या मात्र लागतात, गर नीट खरवडा.

अंगणवाडी सेविका, पूर्व भाग

बावीस वर्षं झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तिथे गावातलीच पानं, बिया, शिंपले हे साहित्य होतं. आमच्या गावात शिंपले कुठले, आमच्याकडे चिंध्या.

टॉवेलच्या कारखान्यातून कडेच्या पट्ट्या आणते. उशीच्या अभ्र्यात एक टॉवेलचा तुकडा, एक चादरीचा, एक बारदानाचा, एक झुळझुळीत साडीचा. बाहेर तशाच चार चिंध्या. मी एक उचलून दाखवते, पोराने न बघता जोडीदार काढायचा. खरखरीत, मऊ, जाड, गुळगुळीत हे शब्द तिथे आपोआप येतात. एकाने चादरीचा तुकडा चाचपला नि म्हणाला, "हा मऊ नाय, हा झोपेचा."

दुखणं एकच. तपासणीला कोणी आलं की भिंतीवर काय लावलंय ते बघतात. अभ्र्यातला हात कुठल्या रकान्यात लिहू?

विजापूर रोड, बाबा

आमच्याकडे पाणी रोज येत नाही, हे इथे सांगायला नको. जुन्या कॅलेंडरच्या तारखा कापून मुलीला ओळीने लावायला देत होतो, त्यात ती दोन दिवसांत कंटाळली. मग चालू महिन्याच्या पानावर पाणी आलं त्या तारखेला तिच्या आईची निळी टिकली लावायची, एवढंच ठरवलं. दोन टिकल्यांमधली रिकामी घरं ती मोजते, तेवढीच पुढे मोजते आणि बोट ठेवून जाहीर करते, या दिवशी पाणी. त्या दिवशी बादल्या, कळशा नळाखाली रांगेने लावते, लहान ते मोठी.

मागच्या आठवड्यात पाणी एक दिवस उशिरा आलं. तिने तीनदा घरं मोजली, तिन्ही वेळा बरोबर. मग माझ्याकडे आली, "बाबा, माझं चुकलं का?"