मॅलार्ड: साध्या पिसांतला प्रौढ नर की यंदाचं पिल्लू? मदत हवी आहे

मंडळी, मॅलार्ड बदकांच्या नोंदी करताना एका ठिकाणी अडलोय. विणीनंतर नराचं चमकदार हिरवं डोकं, पांढरी कंठी सगळं जातं आणि तो मादीसारखा तपकिरी दिसतो. पंखांची मोठी पिसंही एकदमच गळतात, ३-४ आठवडे उडता येत नाही. अशा काळात हा साधा रंग लपायला किती कामाचा! नर-मादी चोचीवरून कळतात: नराची पिवळट-हिरवी, मादीची नारिंगी, गडद डागांची. मोठ्यानं ‘क्वॅक’ करते तीही मादीच. पण त्याच वर्षी जन्मलेले नर आणि असे प्रौढ नर एकाच थव्यात असले, तर वेगळे कसे ओळखता? छातीवरची नक्षी बघता की शेपटीची पिसं? फोटोत नेमकं काय टिपावं, तेही सांगा.