रेडिमेड पीसी घेणारा म्हणजे आयतोबा काय?

जुना खिळा
परवा एका पठ्ठ्याने इथं लिहिलं, ‘ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही तोच रेडिमेड गेमिंग पीसी घेतो. सुटे भाग आणून जुळवणं दोन तासांचं काम, पंधरा-वीस हजार वाचतात.’ दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

मी स्वतः तीन पीसी जुळवले. तिसरा रायझन ३६०० प्रोसेसरचा. प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा पंखा (कूलर) यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलायची म्हणून कूलर उचलला, तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून त्याच्यासोबतच वर आला. पेस्टचं सिमेंट झालं होतं. चौदा पिना आडव्या. खिडकीत बसून क्लच पेन्सिलीच्या रिकाम्या टोकाने एकेक पिन उभी केली. अडीच तासांत तेरा झाल्या, चौदावी हातात आली. याला वॉरंटी कोण देणार? कोणीच नाही.

आता भाचा ऐंशी हजार घेऊन बसलाय. मी म्हटलं, रेडिमेड घे. बिघडला तर एकाच दारात भांडायचं. जुळवलेल्यात बोर्डवाला म्हणतो रॅम बघा, रॅमवाला म्हणतो एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) बघा, आणि आपण डबे घेऊन नागपूरभर बर्डी ते सदर, सदर ते बर्डी.

बर्डीवाला
ते ‘पठ्ठा’ म्हणजे मीच. पिना तुम्ही वाकवल्या काका, जुळवण्याचा काय दोष? एएम४, म्हणजे तुमच्या रायझनच्या सॉकेटावरचा कूलर काढायच्या आधी दहा मिनिटं गेम चालवायचा, पेस्ट नरम होते. मग पीसी बंद करून कूलर डावी-उजवीकडे पिळायचा. सरळ ओढला तर दातासारखा येणारच. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटात पिना बोर्डावरच गेल्या, त्यामुळे ही रडकथाही जुनी झाली.

आता माझी ऐका. साळ्याने रेडिमेड घेतला, खोलायला माझ्याकडे आणला. १६ जीबीची एकच स्टिक, म्हणजे दोन स्टिकांनी मिळणाऱ्या ड्युअल चॅनलच्या वेगाच्या नावाने चांगभलं. रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी सेटिंग बंद, ३२०० ची रॅम २१३३ वर रांगून राहिली होती. समोर पूर्ण काच, हवा घ्यायला बोटभर फट. एसएमपीएसवर ८० प्लसचा कार्यक्षमतेचा शिक्का सोडा, वॅटही धड छापले नव्हते. सगळा पैसा लायटीवर.

हिंगणा टी पॉइंट
बरोबर बोलून राहिला भाऊ. माझ्याकडे मोठ्या कंपनीचा आहे, नाव नाही घेत. एसएमपीएस गेला म्हणून बाजारातला आणला, तं बोर्डाचा प्लगच निराळा! बसेचना. कंपनीचाच पायजे, तोही महिन्याने येईल म्हणे. एकाच दारात भांडा म्हणता ना काका? भांडलो. दार उघडंच होतं, आत कोणी नव्हतं.

उन्हाळी पाहुणा
तुमचं चालू द्या, पण नागपुरात खरा प्रश्न वेगळाच आहे. खोली जितके अंश तापते, साधारण तितकंच ग्राफिक्स कार्डही चढते. थंडीत २२ ला ६५ वर असणारं कार्ड मेमध्ये चाळिशीच्या खोलीत ८३ ला टेकते आणि स्वतःहून वेग कमी करते. रेडिमेड काय अन् जुळवलेला काय. मी पीसी सरळ डेझर्ट कूलरच्या खोलीत नेला. सुखी आहे.

सदाशिवी
कूलर?? ओल्या हवेचा झोत थेट मदरबोर्डवर? पाणी साचून शॉर्ट होईल. एसी घ्यावा माणसाने.

उन्हाळी पाहुणा
तुम्ही पुण्याचे का? पाणी थंड वस्तूवर धरते हो. चालू पीसी खोलीपेक्षा गरम असतो, त्याच्यावर दव कसं धरणार? बाहेर ४५ अन् हवा कोरडी ठक्क, तिथं कूलरची ओल म्हणजे अमृत. एसीचं बिल तुम्ही भरता का?

हिंगणा टी पॉइंट
दव नाही धरत, पण उडते ना! माझ्या कूलरचं गवत एका बाजूने खचलं होतं. तिथून बारीक तुषार यायचे. बोअरचं पाणी. दोन महिन्यांनी कॅबिनेटची जाळी पाहिली तं पांढरे खडे, तोंडलीच्या काचऱ्यावर मीठ भुरभुरावं तसे. ग्राफिक्स कार्डच्या पंख्यातून त्याच गवताच्या काड्या निघाल्या. चिमणीने घरटं केलं की काय बाप्पा!

सदाशिवी
म्हणजे मीच बरोबर होतो.

उन्हाळी पाहुणा
गवत बदलत नाही तो माणूस चूक, कूलर नाही. अन् तुम्ही बरोबर नव्हते, तुम्ही शॉर्ट म्हटलं होतं. सारवासारव नका करू.

बर्डीवाला
अरे, कूलर कुठं घेऊन बसले तुम्ही लोक! मुद्दा पीसीचा आहे.

उन्हाळी पाहुणा
काहून भडकून राहिला बे? लाईट गेली की तुझा पीसी अन् माझा कूलर सोबतच बंद होतो. तोही मुद्दाच आहे. ६०० व्हीएचा यूपीएस लावून मिरवतात पोट्टे. तो देतो जेमतेम ३६० वॅट. गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएसच आधी मान टाकते.

जुना खिळा
बर्डीवाल्या, तुमचा तो पंधरा-वीस हजारांचा हिशोब कोणत्या सालचा? २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे पेटले, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे. काल भाच्यासाठी सुट्या भागांची यादी केली. जुन्या भावाच्या स्टॉकमधला रेडिमेड तेवढ्याच कॉन्फिगरेशनला चार हजारांनी स्वस्त पडतो. यादी डोळ्यासमोर धरून बोला.

बर्डीवाला
केली बेरीज. ठीक आहे, या महिन्यापुरते तुम्ही जिंकले. पेढे वाटा. पण तो रेडिमेड उघडून पाहिला का? रॅम दोन स्टिक आहे की एक? एसएमपीएसचा प्लग साधा की निराळा? दुकानदाराला कॅबिनेटची काच काढायला लावा, फोटो घ्या. ‘सील तुटेल साहेब’ म्हणाला की तिथूनच परत फिरा. नाहीतर तिसरा रस्ता आहे: भाग तुम्ही निवडा, जुळवायला दुकानात द्या. हजार-दीड हजार घेतात. पक्कं बिल मागा, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर टाकून. माझ्या एका मित्राने अठरा टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलं. कार्ड गेलं तेव्हा दुकानदाराने त्याला ओळखलंही नाही.

जुना खिळा
हे आधी लिहिलं असतं तर मी पिनांची लाज चव्हाट्यावर मांडली नसती. गेलो होतो आत्ता. काच काढली त्याने, कुरकुर करत. रॅम दोन स्टिक, प्लग साधा. एसएमपीएसचं नाव मात्र पहिल्यांदाच ऐकलं. तो बदलून देतो म्हणाला, अडीच हजार वर.

बर्डीवाला
म्हणजे स्वस्ताई उरली दीड हजार. आणि शेवटी स्क्रू ड्रायव्हर लागलाच.

जुना खिळा
त्याने धरला. मी खुर्चीवर बसून चहा पीत होतो.

हिंगणा टी पॉइंट
काका, पीसी कोणत्या खोलीत ठेवणार? कूलर असेल तं गवत आत्ताच बदला.

उन्हाळी पाहुणा
खस टाका. गवत नको.