पुठ्ठ्याच्या कार्डाला एक कोटी सव्वीस लाख डॉलर? मला हा भाव पटत नाही

जर्सीकर
गेल्या रविवारी मुलाला घेऊन इथल्या एका बेसबॉल कार्डांच्या शोला गेलो होतो. वय वर्षं दहा, खिशात वाढदिवसाची २० डॉलरची नोट. त्याला बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेंटेचं, टॉप्स कंपनीनं काढलेलं १९७३चं कार्ड हवं होतं. क्लेमेंटे १९७२च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला, त्यामुळे हे त्याचं शेवटचं कार्ड. शाळेत त्याच्यावर प्रकल्प केल्यापासून पोरगं त्याच्यासाठी वेडं झालंय. एका टेबलावर ते कार्ड सापडलं. डीलरनं ते आमच्या हातातून घेतलं, डोळ्याला भिंग लावून चारही कोपरे पाहिले, दिव्याखाली तिरकं धरलं आणि म्हणाला, "हे ग्रेडिंगला पाठवतो, आज विकायचं नाही." ग्रेडिंग म्हणजे कंपनी कार्डाचे कोपरे, कडा तपासून दहापैकी गुण देते आणि ते प्लास्टिकच्या डबीत बंद करते. मुलानं नोट घडी करून परत खिशात ठेवली.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. १९५२च्या टॉप्स संचातलं मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. १९९१मध्ये त्याच मालकानं ते ५० हजारांना घेतलं होतं. मँटल बेसबॉलमधला मोठा खेळाडू होता, वादच नाही. पण हे त्याचं पहिलं कार्डसुद्धा नाही, पहिलं १९५१चं, बोमन कंपनीचं. शिवाय छापताना कागदाच्या मोठ्या तावावर मँटल दोनदा बसवलेला होता, म्हणजे शेजारच्या बहुतेक खेळाडूंपेक्षा त्याची कार्डं दुप्पट निघाली. आजही ग्रेड झालेली हजाराहून जास्त आहेत. मग एक कोटी कशाचे? प्लास्टिकच्या डबीवर लिहिलेल्या ९.५ या आकड्याचे! त्याच कार्डाची ९ ग्रेडची प्रत २०२१मध्ये ५२ लाखांना गेली होती. ही हौस राहिली नाही, आकड्यांचा बाजार झालाय.

शिकागोकर
जर्सीकर, मुलाचं वाईट वाटलं, पण राग चुकीच्या जागी काढताय. भाव नव्हता तेव्हा काय झालं ते तुमच्याच दारात घडलंय. १९५२च्या संचाची शेवटची खेप बाजारात उशिरा आली, खपली नाही. वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली. शेवटी टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६०मध्ये उरलेली खोकी बार्जवर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवली. त्यात मँटलही गेले. किंमत आली म्हणूनच लोकांनी माळ्यावरची खोकी उघडून पाहिली. नाहीतर आई घर आवरते तेव्हा पहिली रद्दी हीच.

ओवी
मी जर्सीकरांच्या बाजूची. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चित्रकार हुसेनचं 'ग्रामयात्रा' साधारण १ कोटी ३७ लाख डॉलरला गेलं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटल्यासारखा आनंद होता. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाचं चित्र, १९५४चं, जवळजवळ चौदा फूट लांब, हातानं रंगवलेलं आणि जगात एकच. त्याच्या शेजारी त्याच काळातलं, च्युइंगमच्या पुडीतून आलेलं, जेमतेम पावणेचार इंच उंच कार्ड ठेवा. दोघांचे भाव जवळपास सारखे. मला हे बोचतं.

हिशेबनीस
ओवी, चित्राची आणि कार्डाची तुलना करू नका. मँटलच्या कार्डात लोक स्वतःचं लहानपण विकत घेतात.

आता जर्सीकरांचा मुद्दा. आकड्यालाच पैसे मिळतात, हे अर्धंच खरं. १९०९ ते ११ या काळात सिगरेटच्या पाकिटांतून आलेलं टी२०६ मालिकेतलं होनस वॅग्नरचं कार्ड घ्या. माहीत असलेल्या प्रती पन्नास-साठ. त्यातली ३ ग्रेडची २०२१मध्ये ६६ लाखांना गेली आणि पुढच्याच वर्षी २ ग्रेडची खाजगी व्यवहारात साडेबहात्तर लाखांना. दहापैकी दोन! बेब रूथचं १९१४चं बाल्टिमोर न्यूज या वृत्तपत्राचं कार्ड २०२३मध्ये ७२ लाखांना गेलं, तेही कोरं करकरीत नव्हतं. दुर्मीळ असेल तर सुरकुतीलाही पैसे मिळतात. आणि ५० हजारांचे ३१ वर्षांत १ कोटी २६ लाख म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला साडेएकोणीस टक्के. यात लिलावगृह बोलीवर लावतं तो वीस टक्के प्रीमियम धरलाय, विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं, पुढे करही आहे. तरी एकतीस वर्षं जपून ठेवणाऱ्याला ते मिळाले तर कुणाच्या पोटात का दुखावं?

जर्सीकर
वॅग्नरचं मान्य. मुळात प्रतीच कमी. पण वॅग्नरचीच गोष्ट पूर्ण सांगा ना. सगळ्यात गाजलेली प्रत हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदारानं १९९१मध्ये ४ लाख ५१ हजारांना घेतली. तिला ८ ग्रेड मिळाली, २००७मध्ये ती २८ लाखांना गेली. आणि २०१३मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो यांनी कोर्टात कबूल केलं की तिच्या कडा आपणच कापल्या होत्या. ज्या आकड्यावर इतके पैसे लागले, तो कापलेल्या कडांवर उभा होता.

आणि ग्रेडिंगचा अनुभव मलाही आहे. एका कंपनीकडे एक कार्ड पाठवलं, ६ आली. डबी फोडून तेच पुन्हा पाठवलं, ७ आली. मी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. भाव मात्र दीडपट.

जुने कार्डसंग्राहक जेफरसन बर्डिक आठवतात मला. सिराक्यूजचा कारखान्यातला कामगार, संधिवातानं बोटं आखडलेली. त्यांनीच कार्डांच्या मालिकांना टी२०६सारखे क्रमांक दिले. तीस हजारांवर बेसबॉल कार्डं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि १९६३मध्ये जाण्याआधी स्वतःच्या हातानं अल्बममध्ये चिकटवली. आजच्या हिशेबात मागे डिंक लागला की कार्ड मातीमोल. त्यात वॅग्नरही आहे.

शिकागोकर
बर्डिक यांच्याबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. पण त्यांच्या वेळी ही कार्डं पैशा-दोन पैशांना मिळत होती म्हणून एका कामगाराला तीस हजार जमवता आली. तो काळ मागून मिळणार नाही. आणि स्वस्त काही उरलंच नाही, हेही खरं नाही. टी२०६मधले साधे खेळाडू, कोपरे गेलेले, आजही शंभर डॉलरच्या आत मिळतात. सव्वाशे वर्षांकडे झुकलेला कागद आहे तो! बातमी फक्त मँटलची होते.

ग्रेडिंगच्या लहरीबद्दल मात्र तुमचं बरोबर. माझ्या दोन कार्डांचं तेच झालंय.

ओवी
पण शो मध्ये मूल पुढे उभं असताना भिंग काढायचं, हे कुठे बसतं? मला त्या टेबलाचं उत्तर कुणी दिलं नाही.

हिशेबनीस
डीलरचं पोट त्यावर आहे, ओवी. टेबलाचं भाडं तो भरतो.

शिकागोकर
ओवी, उत्तर देतो. जर्सीकर, माझ्याकडे १९७३चं क्लेमेंटे आहे. वरचा उजवा कोपरा दुमडलाय, मागे पेननं कुणीतरी बेरीज केलीय, ग्रेडिंगला कधीच जाणार नाही. २० डॉलर घेईन, कमी नाही आणि फुकट तर नाहीच. पोरानं स्वतःची नोट देऊन घ्यावं. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, पोस्टाचा खर्च माझा.