शब्दचर्चा: 'शार्पशूटर'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: अमेरिकी यादवी युद्धावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'शार्पशूटर'साठी कधी 'नेमबाज' लिहिते, कधी 'छुपा बंदूकधारी'. हा शब्द शार्प्स रायफलीवरून आला असेही वाचले. खरे आहे का?

उत्तर: नाही. ख्रिश्चन शार्प्स यांचे पेटंट १८४८चे, आणि हा शब्द नेपोलियनच्या काळातल्या इंग्रजीतच रुळला होता. मूळ जर्मन 'शार्फशुत्से', म्हणजे अचूक गोळी मारणारा. गैरसमज मात्र समजण्यासारखा आहे, कारण उत्तरेच्या सैन्यातल्या हायरम बर्डन यांच्या नेमबाज पलटणींना १८६२मध्ये खरोखरच शार्प्स रायफली मिळाल्या. ठासणीची बंदूक भरायला बहुधा उभे राहावे लागे. शार्प्समध्ये काडतूस मागून घालायचे, त्यामुळे आडवे पडूनही ती भरता येई. हिरव्या गणवेशात झाडीआड दबून बसणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती?

'छुपा बंदूकधारी' कृपया नको. त्यात घातपाताचा वास येतो. ही माणसे पारखून घेतलेली होती: टेकूवरून २०० यार्डांवर १० गोळ्या, मध्यापासूनचे सरासरी अंतर ५ इंचांच्या आत. रांगेपुढे विखरून शत्रूचे अधिकारी आणि गोलंदाज टिपणे हे त्यांचे काम. (गोलंदाज म्हणजे इथे तोफ डागणारा. क्रिकेटने हा जुना अर्थ पार झाकून टाकला आहे.)

दुसरे मत: 'नेमबाज' म्हटले की आज अंजली भागवत, स्वप्निल कुसळे आठवतात. युद्धाच्या मजकुरात ते हलके वाटते. सरळ 'स्नायपर' का नको?

उत्तर: स्नायपरचा जन्म आपल्याच भूमीवरचा आहे. १७७०च्या दशकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी 'स्नाइप' म्हणजे पाणलाव्याची शिकार करत. तो वेडावाकडा उडतो, टिपायला महाकठीण. त्या शिकारीवरून हा शब्द निघाला. पण आज तो ऐकला की दुर्बीण लावून दबा धरलेला एकटा माणूस डोळ्यांपुढे येतो. बर्डन यांच्या तर अख्ख्या पलटणी होत्या.

दक्षिणेच्या सैन्यातले व्हिटवर्थवाले त्या चित्राच्या अधिक जवळ जातात. ती रायफल इंग्लंडमध्ये बनलेली, आतून षटकोनी नळीची, भरायला संथ पण लांबवर अचूक. ९ मे १८६४ला स्पॉट्सिल्व्हेनियात उत्तरेचे जनरल सेजविक आपल्या सैनिकांना धीर देत होते की एवढ्या अंतरावरून शत्रूला हत्तीसुद्धा टिपता येणार नाही. काही क्षणांतच ते गोळी लागून पडले. ती व्हिटवर्थची होती असे सर्रास मानले जाते.

'नेमबाज' खेळापुरता सोडून देणे मला पटत नाही. नेम धरणे, नेम चुकणे ही भाषा शिकारीची आणि लढाईची आहे, पदके मागाहून आली. उलट 'शार्पशूटर' तसाच ठेवला, तर आपल्या बातम्यांमुळे वाचकाला टोळीतला मारेकरी दिसेल.

प्रश्नकर्ती: पटले. पहिल्या उल्लेखाला 'निवडक नेमबाज', पुढे नुसते 'नेमबाज', आणि बर्डन यांच्या तुकड्यांना 'नेमबाज पलटणी' असे करते.