'आय फील लव्ह' मराठीत कसं म्हणाल?

रात्रपाळी: दिवाळी अंकासाठी डिस्कोवर लिहितेय. गायिका डोना समरच्या १९७७च्या 'आय फील लव्ह' या गाण्यापाशी गाडी अडलीय. 'मी प्रेम वाटते' लिहिलं तर नवरा म्हणाला, पेढे वाटतेस का? 'मला प्रेम वाटतं' लिहिलं की संपादक विचारतात, कुणाबद्दल? गाण्यात त्या 'कुणा'चं वर्णनच नाही, नुसती अवस्था आहे.

खडीसाखर: 'प्रेम दाटून आलंय'?

रात्रपाळी: दाटून आलं की रडू येतं हो. इथे संगीतकार मोरोडरचा सिंथेसायझर श्वास घ्यायला थांबत नाही. आवंढा कधी गिळायचा?

वाडेकरी: 'भिनलंय' बघा. विष भिनतं, ठेकाही भिनतो.

सदाशिव३०: तुमचं मूळच चुकतंय. 'प्रेम करणे' ही इंग्रजीची नक्कल. मराठीत प्रेम बसतं, जडतं. करतात ती धुणीभांडी.

रंकाळा: आमची आजी 'तिनं प्रेम केलं' म्हणायची, म्हणजे पळून जाऊन लग्न केलं. आजीला इंग्रजीचा गंध नव्हता.

सदाशिव३०: एका आजीवरून व्याकरण ठरत नाही. 'लोभ' वापरा. पत्राखाली 'लोभ असावा' लिहायचोच की. लव्ह हा शब्द आपल्या संस्कृत 'लुभ्' धातूवरूनच गेलाय.

वाडेकरी: गेला नाही. दोन्ही एकाच जुन्या मुळाच्या फांद्या. आणि 'मला लोभ झालाय' म्हटलं तर लोक सोन्याचा भाव सांगतील.

खडीसाखर: आमच्या गल्लीत बँडवाल्याला 'डिस्को लाव' म्हटलं की 'आप जैसा कोई'च वाजायचं. 'कुर्बानी', १९८०. नाझिया हसनचा आवाज, संगीत बिद्दूचं. एवढ्या नाचऱ्या गाण्यात 'आप' कसं खपलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

रंकाळा: उर्दूत 'आप'मध्येही लाडीगोडी असते. आपल्याकडे 'आपण' म्हटलं की समोर मामलेदार उभा राहतो.

खडीसाखर: 'अहो' आहे ना!

रंकाळा: 'अहो'वर कुणी नाचेल का?

खडीसाखर: आमचे 'अहो' नाचायचे. वरातीत, घाम येईपर्यंत.

सदाशिव३०: 'अहो' हे संबोधन आहे, सर्वनाम नव्हे.

रात्रपाळी: मंडळी, 'आय फील लव्ह'चं काय? अंक शुक्रवारी छापायला जातोय.

वाडेकरी: 'भिनलंय' सांगितलं ना.

सदाशिव३०: काय भिनलंय? कर्ता कुठाय?