१५० सीसीवर वर्ष होत आलं, आता थेट ६०० घेऊ का?

कोरा_ओडोमीटर:
नमस्कार मंडळी. बाईक शिकून वर्ष होत आलंय आणि पहिल्यापासून एकच १५० सीसी वापरतोय, सिंगल सिलेंडर, १४-१५ बीएचपी (इंजिनाची ताकद), पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम, एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. रोजच्या जाण्यायेण्याला काहीच तक्रार नाही. पण सुट्टीला हायवेवर गेलो की ८५-९० च्या पुढे नुसती ओरडते, हँडलला एवढी थरथर असते की थोड्या वेळात हाताला मुंग्या येतात, आणि लांब ट्रक ओव्हरटेक करायचा म्हटलं की पिकअपच मिळत नाही, समोरून गाडी येताना दिसली की परत मागे यावं लागतं.
ओळखीतल्या एकाची चार सिलेंडरची ६०० सुपरस्पोर्ट विकायला आहे, मस्त ठेवलीये. बसून बघितली, आवाज ऐकला, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. दुसरा पर्याय म्हणजे ४०० च्या आसपासची ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरची. घरचे म्हणतात आहे ती काय वाईट आहे, मित्र म्हणतात घ्यायची तर एकदाच मोठी घे, ४०० चा सहा महिन्यांत कंटाळा येईल आणि विकताना तोटा होईल तो वेगळाच. मला नुसतं घे किंवा नको घेऊ असं उत्तर नकोय, आपण तयार आहोत की नाही हे ओळखायचं कसं ते सांगा.

टॉर्क_रेंच:
आधी एक सांग, ओव्हरटेक करताना कितव्या गिअरमध्ये असतोस? पाचव्यात असशील तर गाडी बदलायच्या आधी ते बदलून बघ. छोट्या सिंगलची ताकद वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असते, बऱ्याच १५० ना पूर्ण पॉवर ८-९ हजारला मिळते, आणि टॉप गिअरमध्ये ७० ला असताना तू त्याच्या बराच खाली असतोस. ट्रकच्या मागे थोडं अंतर ठेव म्हणजे पुढचं दिसतं, चौथ्यात घे, आरपीएम वर आणून ठेव, रस्ता मोकळा दिसला की मग बाहेर निघ. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरू नको, रेड लाइनच्या, म्हणजे आरपीएमच्या वरच्या मर्यादेच्या, खाली आहेस तोपर्यंत ते त्याच्यासाठीच बनलंय.
आता ९० च्या पुढे दम का संपतो, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने वाढते. म्हणजे ६० वरून ९० ला गेलास, वेग दीडपट झाला, पण नुसती हवा कापायला साडेतीन पटीच्या जवळपास ताकद लागते. १५ बीएचपीतली बहुतेक तिथेच खर्च होते, वेग वाढवायला उरतं काय? त्यामुळे तुझी हायवेची अडचण काल्पनिक नाहीये, पण ती सोडवायला ११५ बीएचपी लागत नाहीत, ४०-४५ भरपूर झाले.

निवांत_स्वार:
माझं मत स्पष्ट आहे, ती ६०० घेऊ नकोस. ४०० चं नंतर बघू.
१९८१ साली अमेरिकेत मोटरसायकल अपघातांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, हर्ट रिपोर्ट म्हणून ओळखतात, लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या रायडरला सांगतो. अपघात झालेल्यांचा रस्त्यावरचा एकूण अनुभव साधारण ३ वर्षांचा होता, पण निम्म्याहून जास्त जणांना *त्या* गाडीवर ५ महिनेही झाले नव्हते. रिपोर्ट जुना आहे, गाड्या बदलल्या, पण नवीन गाडीवर आपण थोडे नवखे होतो हे आजही तसंच आहे. ब्रेक किती दाबला की किती लागतो, थ्रॉटल किती पिळला की किती ओढते, ती किती सहज झुकते, हे सगळं हाताला पुन्हा शिकवावं लागतं. १५० वरून ४०० ला गेलास तर हे शिकताना गाडी थोडीफार सांभाळून घेते. सुपरस्पोर्ट ६०० पहिल्या गिअरमध्येच १०० च्या पुढे जाते, वळणात खड्डा लागून मनगट जरा हललं तरी त्याचा परिणाम मागच्या चाकावर होतो. ती गाडी वाईट नाही, ती ट्रॅक डोळ्यापुढे ठेवून बनवलीये एवढंच.
तयार आहेस का हे बघायला मोकळी जागा शोध, हेल्मेट, जॅकेट असा पूर्ण रायडिंग गिअर घाल आणि आहे त्याच गाडीवर ब्रेकिंग कर. ३० पासून सुरुवात, मग ४०, मग ५०. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, आधी हलका दाबायचा, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) खाली बसतो, वजन पुढच्या टायरवर येतं, टायर रस्त्याला धरतो आणि *मग* जोर वाढवायचा. एका झटक्यात आवळलास तर वजन यायच्या आधीच चाक लॉक होतं, तुझ्या गाडीला एबीएस नाही म्हणून तर हे जास्तच महत्त्वाचं. हे सगळं अर्ध्या सेकंदात व्हायला हवं, विचार न करता. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावणारा ६० वरून साधारण २० मीटरमध्ये थांबतो आणि १०० वरून ५५ मीटर लागतात, शिवाय १०० ला असताना लक्षात येऊन हात हलेपर्यंत जो एक सेकंद जातो त्यात २८ मीटर मागे पडलेले असतात. मोठी गाडी तुला १०० च्या वेगात सहज नेऊन ठेवेल, पण थांबवायचं काम तुझ्याच हाताचं आहे.

चेन_ल्यूब:
निवांतदादांचं ६०० बद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण "४०० चं नंतर बघू" हे पटलं नाही. दादा, त्याची आत्ताची गाडी म्हणजे मागे ड्रम, एबीएस नाही, टायर अरुंद, आणि तो तिच्यावर हायवेला ट्रक ओव्हरटेक करतोय. हे जास्त सुरक्षित कसं? त्याची गरज खरी आहे, मग चांगले ब्रेक, एबीएस आणि हाताशी थोडी जास्तीची ताकद असलेली गाडी घेणं हा शहाणपणाच आहे. कावासाकीची निन्जा ४०० घ्या उदाहरण म्हणून, २०१८ ला आली, ३९९ सीसी ट्विन, वजन १६८ किलोच्या आसपास, म्हणजे त्याच्या १५० पेक्षा फार जड नाही. असल्या गाडीवर माणूस घाबरत नाही, म्हणून शिकतो.
आणि कंटाळा येईल हे मित्रांचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. युरोपात २०१३ पासूनचे लायसन्सचे नियम बघ, मधला ए२ वर्ग ३५ किलोवॅटपर्यंत, म्हणजे साधारण ४७ बीएचपी, आणि त्यावर २ वर्षं काढल्यावर पुढची परीक्षा देऊन सगळ्या गाड्या मोकळ्या. मधली पायरी तिथे कायद्यानेच ठेवलीये. बरं, वापरलेली ४०० घेतलीस तर तिची पडलेली किंमत आधीच्या मालकाने सोसलेली असते, नीट ठेवलीस तर विकताना फार नुकसान होत नाही. ६०० चा इन्शुरन्स, टायर आणि व्हॉल्व्ह सेटिंगचा खर्च एकदा विचारून ये, मग तोट्याचं बोलू.

निवांत_स्वार:
@चेन_ल्यूब एबीएसचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. हायवे नेहमीचाच असेल तर ४०० ला माझी हरकत नाही. फक्त ब्रेकिंगची प्रॅक्टिस गाडी आल्यावर बंद होऊ नये, नव्या गाडीवर ती पुन्हा पहिल्यापासून करायची, एबीएस आत येतो तेव्हा लिव्हरला कसे झटके बसतात हे मोकळ्या जागेत एकदा अनुभवलेलं असावं, नाहीतर खऱ्या वेळेला माणूस दचकून ब्रेक सोडतो.

कोरा_ओडोमीटर:
सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्कभाऊ, पाचव्यातच असायचो. काल चौथ्यात घेऊन बघितलं, फरक खूप जाणवला, ट्रक आरामात मागे पडला. थरथर आणि मुंग्या मात्र तशाच. ६०० वाल्याला नको म्हणून कळवलंय, वाईट वाटलं पण ठीक आहे. आता ४०० ट्विन बघतोय. माझी उंची जरा कमी आहे, ६०० वर बसलो तेव्हा दोन्ही पायांची नुसती बोटं टेकत होती, त्याने किती फरक पडतो? आणि टेस्ट राइडला नक्की काय बघायचं?

संथ_यूटर्न:
उंचीमुळे अडत नाही, एक पाय पूर्ण टेकला आणि दुसऱ्याचा चवडा टेकला तरी पुरतं, चालत्या गाडीला पाय लागत नाहीत. मी स्वतः बुटकी आहे आणि जड गाडी चालवते. थांबताना कुठला पाय खाली येणार हे आधी ठरव, रस्त्याचा उतार ज्या बाजूला आहे तिकडचा टेकू नकोस, तिकडे जमीन लांब असते आणि गाडी एकदा त्या बाजूला कलली की आवरत नाही. सीट हाइटचा आकडा वाचून ठरवू नको, सीट पुढे किती निमुळती आहे यावर पाय किती पोचतो ते ठरतं, त्यामुळे बसूनच बघायचं.
टेस्ट राइडला सगळे सरळ रस्त्यावर पिकअप बघतात, ते शेवटी बघ. आधी इंजिन बंद ठेवून गाडी ढकलून बघ, पार्किंगमधून उलटी काढ, साइड स्टँडवरून सरळ कर. मग अगदी हळू यूटर्न घे, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, पुढच्याला हात नाही, आणि नजर जिथे जायचंय तिथे, चाकाकडे नाही. वजनाची खरी परीक्षा चालण्याच्या वेगातच होते. यूटर्नला अंग आखडलं तर ती गाडी तुला अजून जड आहे. मग थ्रॉटल बंद करून हळूच उघड, एकदम हिसका देते की सावकाश ओढते ते बघ, ट्रॅफिकमध्ये तेच दिवसभर सोसायचं असतं. आणि थोडा वेळ ८०-९० ला स्थिर चालव, तुझी मूळ तक्रार मुंग्यांची आहे ना, ट्विनलासुद्धा एखाद्या ठरावीक आरपीएमला थरथर असते, ती नेमकी तुझ्या नेहमीच्या वेगाला येते का तेवढं बघून घे.
वापरलेली घेणार असशील तर इंजिन थंड असताना जा, मालकाला आधी सुरू करून ठेवू नका म्हणून सांग. टायरवर बनल्याची तारीख चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी भरपूर दिसत असली तरी रबर जुनं असू शकतं. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरव, मध्ये अडकल्यासारखं लागलं तर स्टिअरिंगचं बेअरिंग गेलेलं असतं. आणि जाताना रोज बाईकवर घालतोस तेच बूट घालून जा, पाय किती टेकतो ते त्यातच कळेल.