सोसायटीच्या गच्चीवर भाजीपाला करायचाय, पावसाळ्याआधी काय काय करू? (नेरूळ)

नमस्कार मंडळी. आमची जुनी चार मजली बिल्डिंग, ३२ फ्लॅट, गच्ची पूर्ण रिकामी. आम्ही सहा घरं तयार आहोत, पण कमिटीचं म्हणणं गच्ची गळेल, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमला आधीच ओल आहे त्यामुळे त्यांची भीती मला पटते. खालच्या नर्सरीवाल्याने लाल मातीच्या ४० गोण्या घ्या म्हणून सांगितलंय. घेऊ का? आणि ओल्या कचऱ्याचं खत करताना वास येतो का खरंच? कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

पालापाचोळा_ठाणे: गोण्या अजिबात घेऊ नका!! ९ इंच ओली माती पसरली तर एका चौरस मीटरला जवळजवळ ४०० किलो वजन होतं आणि वावरायच्या गच्चीचं डिझाइन साधारण १५० किलोचं धरतात, तुमची तर बिल्डिंगच जुनी आहे, आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा आणि वॉटरप्रूफिंग करून घ्या मगच पुढे जा, त्या काकूंच्या घरची ओल आधी बंद झाली की कमिटी पण ऐकेल. आम्ही वसंत विहारला माती नावापुरतीच वापरतो, बाकी सगळा सुका पाला आणि उसाची चिपाडं. रसवंतीवाला चिपाडं फेकूनच देतो, सांगून ठेवलं तर पोतं भरून ठेवतो. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर, गणिताचे प्राध्यापक, त्यांच्या प्रयोग परिवारातून (स्वतः प्रयोग करून ते एकमेकांना सांगणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं) ही पद्धत घरोघरी गेली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच वाटेने बाग उभी केली.

मातीवेडी: वास येतो तो पाला कमी पडला की. एक डबा ओला कचरा तर दोन-तीन डबे सुका पाला, वर जुनं खत मूठभर, आणि दोन-तीन दिवसांनी हलवायचं म्हणजे हवा खेळती राहते. आत्ता एप्रिलमध्ये रस्त्यावर पाला भरपूर पडतो तो पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही, आमचं पहिल्या वर्षी तिथेच फसलं, जुलैत ड्रममध्ये नुसता चिखल झाला आणि दोन घरांनी कचरा द्यायचं बंद केलं. ती घरं परत यायला वर्ष गेलं.

सानपाडा_हिरवळ: अमृतजल करा. १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं, मग १० पट पाणी घालून पाल्यावर शिंपडायचं. पाला लवकर कुजतो.

धागाकर्ती: खूप आभार सगळ्यांचे! गोण्यांची ऑर्डर थांबवली. म्हणजे जूनमध्ये मेथी, पालक लावून टाकू ना?

पालापाचोळा_ठाणे: मेथी-पालक आपल्याकडच्या पावसात सडतात, ते ऑक्टोबर सरल्यावर. जूनला भेंडी, काकडी, दोडका लावा, वेलांना कठड्याजवळ मांडव घाला पण कुंड्या कठड्यावर ठेवू नका, वाऱ्याने पडतात. अळू तर सावलीच्या कोपऱ्यात पण येतं आणि पहिली अळूवडी सगळ्या मजल्यांवर पोचवा, आमच्याकडे बाकीची घरं त्यानंतरच जोडली गेली.

मातीवेडी: +१. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका, डासांची तक्रार आली की कमिटी सगळंच बंद करेल. आणि आठवड्याची पाणी घालायची पाळी आत्ताच कागदावर लिहून लिफ्टपाशी, लिफ्ट नसेल तर जिन्यात लावा, मे महिन्यात सगळे गावाला जातात.

धागाकर्ती: आमच्याकडे लिफ्ट नाही, जिन्यातच लावते. इंजिनीअरला रविवारी बोलावलंय, काय म्हणतो ते इथेच टाकते.